हात टेबलापर्यंत पोहोचण्याआधी

सर्जरीच्या पहिल्या वर्षापासून आम्हाला बोटांवर भरवसा ठेवायला शिकवलं जातं. धमनी बांधण्याआधी तिचा ठोका बोटाखाली घ्यायचा. कुठून तरी रक्त येतंय आणि जागा दिसत नाही, तर आधी बोट दाबून धरायचं, मग विचार करायचा. मूत्रपिंडातली गाठ कुठे संपते आणि निरोगी भाग कुठे सुरू होतो, ते चाचपून ठरवायचं. प्रोस्टेटची तपासणी तर अजूनही बोटानेच सुरू होते. ग्रंथी रबरासारखी लागली तर बहुधा वयाची वाढ, कडक गाठ लागली तर कर्करोगाच्या शंकेने पुढच्या तपासण्या. माझे सर ओटीत रेसिडेंटला म्हणायचे, ‘डोळे मिट आणि बोटाखाली काय आहे ते सांग.’ जनरल सर्जरी आणि त्यानंतर युरॉलॉजीत एमसीएच करताना मी हेच शिकले, आणि पुढे सोलापुरात प्रॅक्टिस सुरू केली तीही या बोटांच्या जोरावर.

बेल्जियममधल्या आल्स्टला रोबोटच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रियेची फेलोशिप करायला गेले, तेव्हा या बोटांना काम उरलं नाही. दा विंची यंत्रावर सर्जनचा हात रुग्णाला लागतच नाही. पोटावर आठ-आठ मिलिमीटरची छिद्रं घेतलेली असतात. त्यांतून कॅमेरा आणि बारीक उपकरणं आत जातात, ती यंत्राच्या चार हातांना जोडलेली असतात, आणि सर्जन काही पावलं लांब, कॉन्सोलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. अंगात निर्जंतुक गाऊन नाही, हातात ग्लोव्हज नाहीत. दोन्ही हातांच्या बोटांत पकडी, पायाखाली पेडल्स. आतलं दृश्य त्रिमितीय आणि दहापट मोठं दिसतं. हाताची थरथर यंत्र गाळून टाकतं. सेटिंग बारीक ठेवलं तर हात तीन सेंटीमीटर फिरतो तेव्हा आत उपकरण एकच सेंटीमीटर सरकतं. उपकरणाचं टोक मनगटासारखं सगळीकडे वळतं, जे दुर्बिणीच्या साध्या शस्त्रक्रियेत कधीच शक्य नव्हतं. एवढं सगळं मिळतं, पण ज्या यंत्रावर मी शिकले त्यावर स्पर्श मिळत नाही. ऊती मऊ आहे की कडक, धागा सैल आहे की तुटायला आलाय, यातलं काहीही बोटांपर्यंत परत येत नाही. २०२४ साली आलेल्या नव्या पिढीच्या यंत्रात दाबाची जाणीव काही प्रमाणात परत आणली आहे, पण जगभरातली बहुतेक यंत्रं अजून आधीचीच आहेत.

मोहोळकडचे एक आजोबा मला विचारत होते, ‘म्याडम, आप्रेशन तुमी करनार का मशीन?’ हा प्रश्न शहरातल्या शिकलेल्या माणसांच्याही मनात असतो, फक्त ते विचारत नाहीत. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते: यंत्र स्वतःहून काहीही करत नाही. सर्जनने कॉन्सोलमधून डोकं बाहेर काढलं की यंत्राचे हात जागच्या जागी थांबतात. कापणं, बांधणं, शिवणं, थांबणं, सगळे निर्णय माणसाचे. त्यामुळे यंत्र कोणतं, यापेक्षा त्यामागचा माणूस कसा तयार झालाय हा प्रश्न मोठा आहे, आणि आल्स्टमध्ये मला याच प्रश्नाचं उत्तर सापडलं.

आल्स्ट हे ब्रसेल्स आणि गेंट यांच्या मधलं, देंडर नदीकाठचं गाव. हृदयरोगतज्ज्ञांना ते आधीपासून माहीत असतं, कारण रक्तवाहिनीतला अडथळा खरोखर किती गंभीर आहे हे दाबाच्या फरकावरून मोजण्याची एफएफआर ही पद्धत पुढे आणण्यात इथल्या ऑन्झे-लीवे-व्राऊ रुग्णालयातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. त्याच रुग्णालयातल्या युरॉलॉजी विभागाने डॉ. अलेक्झांडर मोत्री यांच्या काळात रोबोटिक शस्त्रक्रियेत नाव मिळवलं, आणि गेंटजवळच्या मेल्ले गावी ओर्सी ही प्रशिक्षण अकादमी उभी राहिली. आल्स्टच्या माणसांना आसपासची गावं ‘कांदे’ म्हणतात, कारण पूर्वी या भागात कांद्याचं पीक मोठं होतं. कांद्याच्या मोठ्या बाजारपेठेच्या सोलापुरातून आलेल्या मला हे ऐकून गाव लगेच जवळचं वाटलं.

शेजारच्या देंडरमोंडे गावाचं नाव तर या शास्त्राच्या इतिहासात आहे. मार्च १९९७ मध्ये गी-बर्नार कादियेर आणि जाक हिम्पेन्स या बेल्जियन सर्जननी तिथल्या रुग्णालयात दा विंचीच्या आधीच्या प्रायोगिक यंत्रावर एका रुग्णाचं पित्ताशय काढलं. माणसावर या पद्धतीने झालेली ती पहिली शस्त्रक्रिया. मुळात ही कल्पना अमेरिकेत युद्धभूमीवरच्या जखमी सैनिकासाठी जन्मली होती: सर्जन सुरक्षित जागी, रुग्ण आघाडीवर. युद्धात ती त्या रूपात कधी वापरात आली नाही. जुलै २००० मध्ये दा विंचीला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी जर्मनी आणि फ्रान्समध्ये त्या यंत्राने प्रोस्टेट काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. ओटीपोटाच्या तळाशी, हाडांच्या अरुंद फटीत दडलेली ही ग्रंथी. हाताने तिथे पोहोचणं कठीण, नजरेने त्याहून कठीण. यंत्राचा खरा उपयोग इथे होता, म्हणून युरॉलॉजिस्टनी ते सगळ्यांत आधी उचललं.

मला वाटत होतं, गेल्या गेल्या शस्त्रक्रिया बघायच्या, काही दिवसांनी थोडं थोडं करायला मिळेल. आपल्याकडे शिकणं असंच असतं. एक बघ, एक कर, एक शिकव, हे वाक्य प्रत्येक रेसिडेंटने ऐकलेलं असतं, आणि त्यात अभिमानही असतो. वॉर्डात रुग्णांची इतकी गर्दी की हात आपोआप तयार होतो, असं आम्ही म्हणतो. ते खोटं नाही. पण हात तयार होईपर्यंतचे रुग्ण कोण होते, हा प्रश्न त्या वाक्यात कुठेच नसतो.

ओर्सीमध्ये मात्र पहिला टप्पा सिम्युलेटरचा. पडद्यावर वळणावळणाची तार असते, तिच्यातून कडी न घासता न्यायची. नंतर आभासी स्पंजमध्ये दिलेल्या ठिपक्यातून सुई घालून दिलेल्याच ठिपक्यातून बाहेर काढायची. वेळ मोजली जाते, पण त्याहून जास्त मोजल्या जातात त्या चुका: उपकरण नजरेच्या बाहेर किती वेळा गेलं, दोन उपकरणं एकमेकांना किती वेळा धडकली, जोर किती वेळा जास्त झाला. ठरवलेली पातळी गाठल्याशिवाय पुढचा टप्पा उघडत नाही. तुम्ही आपल्या देशात कितीही ज्येष्ठ सर्जन असा, इथे सगळ्यांना सारखाच नियम. माझ्याबरोबर इटलीचा एक सर्जन होता, माझ्याहून वयाने आणि अनुभवाने मोठा. तोही रोज सकाळी त्याच तारेवरून तीच कडी नेत असे, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

यामागे एक विचार आहे. ठराविक महिने भरले किंवा ठराविक संख्येने शस्त्रक्रिया केल्या म्हणून कोणी तयार झाला असं धरायचं नाही. तयार झालेला सर्जन काय करतो ते आधी बारकाईने लिहून काढायचं, आणि शिकणारा त्या पातळीला पोहोचला की नाही एवढंच बघायचं. या पद्धतीचा पाया घालणारा एक अभ्यास २००२ साली येल विद्यापीठात झाला. १६ रेसिडेंट्सपैकी निम्म्यांना सिम्युलेटरवर ठरलेल्या पातळीपर्यंत शिकवलं, निम्म्यांना नेहमीसारखं. मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णांवर दुर्बिणीने पित्ताशय सोडवलं. सिम्युलेटरवर शिकलेले २९ टक्के कमी वेळात काम पूर्ण करू शकले, आणि दुसऱ्या गटाच्या चुका सहापट निघाल्या. त्या अभ्यासातले एक संशोधक, मानसशास्त्रज्ञ अँथनी गॅलाहर, पुढे ओर्सीच्या कामाशी जोडले गेले. त्यामुळे मेल्लेमध्ये हा विचार भिंतीवरच्या घोषणेसारखा राहिला नव्हता, रोजच्या वेळापत्रकात उतरला होता.

सिम्युलेटरनंतर कोंबडीच्या ऊतींचा नमुना. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशयाचं तोंड आणि मूत्रमार्ग यांच्यामध्ये मोकळी जागा राहते, ती दोन टोकं पुन्हा गोलाकार शिवून जोडावी लागतात. दोन धागे एकत्र गाठवून, एकाने उजवीकडून आणि दुसऱ्याने डावीकडून शिवत वर यायचं आणि तिथे गाठ मारायची, ही पद्धत २००३ साली ब्रसेल्सच्या डॉ. रोलाँ व्हान वेल्टहोवन यांनी प्रसिद्ध केली, आणि आज ती जगभर वापरली जाते. ती शिलाई आम्ही कोंबडीवर घातली. प्रत्येक टाक्याचा व्हिडिओ. तो दोन परीक्षक वेगवेगळे बघणार, आणि चुकांची यादी आधीच ठरलेली: सुई टोकाला धरली, एका टाक्यासाठी दोनदा टोचलं, धागा उपकरणाने चिरडला, ओढताना ऊती फाटली. काही चुका साध्या, काही गंभीर. गंभीर एक जरी झाली तरी पुन्हा.

पुन्हा पुन्हा करावं लागल्यावर मी रागावले असते, पण त्या यादीत एक मोठी गोष्ट होती. आपल्याकडे शिकवताना सर म्हणतात, ‘हात जरा जड आहे तुझा’ किंवा ‘छान करतेस, असंच करत राहा.’ दोन्ही वाक्यांतून नेमकं काय बदलायचं ते कळत नाही. इथे मला कागदावर कळत होतं की माझा डावा हात धागा धरताना एक इंच लांब धरतो आणि त्यामुळे उजव्या हाताला दुसरा फेरा घ्यावा लागतो. सर्जरीत इतकी वर्षं घालवूनही माझ्या हाताबद्दल इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर भूल दिलेल्या डुकरावर सराव. त्याबद्दल फार लिहीत नाही. त्या प्राण्यांची भूल, तापमान, वेदना यांची काळजी पशुवैद्य माणसाइतक्याच गंभीरपणे घेत होते, आणि यंत्रावर बसून खऱ्या रक्तस्रावाचा सामना मी पहिल्यांदा तिथे केला. त्या प्राण्यांचे माझ्यावर उपकार आहेत, एवढंच.

खऱ्या ओटीत गेल्यावरही बरेच आठवडे कॉन्सोल लांबच होता. माझी जागा रुग्णाजवळ, यंत्राच्या हातांमध्ये. रुग्णाचं डोकं खाली, पाय वर असा टेबल तिरका केलेला असतो, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळं होतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरलेला. पोर्ट म्हणजे उपकरणांसाठीच्या नळ्या छिद्रांतून घालणं, यंत्र जोडणं, उपकरणं बदलणं, सक्शन, क्लिप लावणं, सुई आत देणं आणि मोजून बाहेर घेणं, हे सगळं बाजूच्या सहायकाचं काम. या जागेवर उभं राहिल्याशिवाय कॉन्सोलवर बसू देत नाहीत, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. पोर्ट दोन बोटं चुकीच्या जागी गेला की पुढचे तीन तास यंत्राचे हात एकमेकांवर आदळत राहतात. कॉन्सोलवरच्या सर्जनला ते दिसत नाही, कारण त्याची नजर आत आहे. बाहेर रुग्णाच्या खांद्यावर, हातावर, चेहऱ्यावर यंत्राचा दांडा टेकतोय का, हे फक्त बाजूच्या माणसाला दिसतं.

उघड्या शस्त्रक्रियेत सगळे एकाच जखमेभोवती उभे असतात. डोळ्यांच्या खुणांवर निम्मं काम होतं. मी हात पुढे केला की सिस्टरला कळतं काय हवंय. इथे सर्जनचा चेहराच दिसत नाही, आवाज स्पीकरमधून येतो. म्हणून प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलायची आणि ऐकणाऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची. सुई आत, सुई आत. क्लिप बंद करते, बंद कर. आल्स्टमध्ये शिकाऊ डॉक्टरांशी सगळे इंग्रजी बोलत, पण आपापसात फ्लेमिश. एक वयस्क सिस्टर होत्या, त्यांनी मला ओटीतले फ्लेमिश शब्द एकेक करून पाठ करून घेतले, कारण गडबडीच्या क्षणी माणूस आपल्याच भाषेत ओरडतो आणि तेव्हा मला ते कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. याच बाईंनी तातडीने यंत्र सोडवण्याची तालीमही घेतली. मोठी रक्तवाहिनी फाटली तर कोणी कुठली उपकरणं काढायची, कोणी यंत्र मागे ओढायचं, भूलतज्ज्ञाने काय करायचं, पोट उघडण्याची ट्रॉली कुठे असणार, हे पुन्हा पुन्हा करून घेतलं. मी असेपर्यंत ती वेळ एकदाही आली नाही. तालीम मात्र चुकली नाही.

कॉन्सोलवर बसायला मिळालं तेही पायरीपायरीने. युरोपियन युरॉलॉजी संघटनेच्या रोबोटिक विभागाने प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचे टप्पे पाडलेले आहेत, सोप्यापासून अवघडापर्यंत. मूत्राशय पोटाच्या भिंतीपासून सोडवणं आधी. मूत्राशयाचं तोंड वेगळं करणं नंतर. नसा वाचवणं आणि ग्रंथीचं टोक सोडवणं सगळ्यांत शेवटी. एका शस्त्रक्रियेत शिकणाऱ्याने आपला टप्पा करायचा, बाकीचं गुरूने. शेजारी दुसरा कॉन्सोल, तिथे बसलेल्या गुरूंना तेच दृश्य दिसतं. ते पडद्यावर बाणाने जागा दाखवतात, आणि गरज पडली तर बटण दाबून एका क्षणात उपकरणं आपल्याकडे घेतात. माझ्या हातून उपकरणं गेली की आधी वाईट वाटायचं. थोड्याच दिवसांत कळलं की त्या बटणामुळेच रुग्ण सुरक्षित राहून मला शिकता येतंय. एका टेबलावर दोघांचे हात असतात तेव्हा रेसिडेंटच्या हातातून सुरी काढून घ्यायला क्षणभर उशीर होतोच. इथे तो होत नाही.

एक छोटी गोष्टही सांगायला हवी. मी उंचीने कमी. आमच्याकडच्या प्रत्येक ओटीत मी पायाखाली स्टूल घेऊन उभी राहिले आहे, कारण टेबल सरांच्या उंचीला लावलेलं असतं. कॉन्सोलची उंची, हातांचा टेकू, पेडल्सचं अंतर, सगळं माझ्या मापाने लागलं आणि यंत्राने ते लक्षातही ठेवलं. शल्यक्रियेतल्या बायकांना या साध्या सोयीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

आता स्पर्शाबद्दल. त्याशिवाय काम कसं करायचं, याचं उत्तर मला एका वाक्यात कोणी दिलं नाही. ते डोळ्यांना हळूहळू कळत गेलं. ऊती ओढली की आधी तिच्यातलं रक्त हटून ती पांढुरकी होते; तिथे थांबायचं. धागा घट्ट होताना त्याच्याखालच्या चरबीला खळी पडते. चिमट्याची टोकं किंचित वाकली की पलीकडे काहीतरी कडक आहे. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्याकडे लांबून बघूनही घागर भरलेली आहे की रिकामी, हे दोराच्या ताठपणावरून कळतं. हे ज्ञान तसंच. काही आठवड्यांनी अशी वेळ आली की पडद्यावर ऊती ताणली गेली आणि मला बोटाला ताण लागल्यासारखं वाटलं. बोटाला काहीच लागलेलं नव्हतं. मेंदूने डोळ्यांकडून आलेलं बोटांच्या नावे जमा करायला सुरुवात केली होती.

पण हे शिकायला वेळ लागतो, आणि ते शिकण्याआधी रुग्णावर हात टाकला तर त्याची किंमत रुग्ण देतो. प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी ज्या नसा जातात त्या केसासारख्या पातळ, पापुद्र्याखाली दडलेल्या. त्यांचा नेमका मार्ग १९८१ साली लायडनमध्ये अमेरिकन सर्जन पॅट्रिक वॉल्श आणि डच युरॉलॉजिस्ट पीटर डोंकर यांनी शोधला. त्याआधी ही शस्त्रक्रिया झालेल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाचं लैंगिक आयुष्य संपत असे. कॉन्सोलच्या पडद्यावर तो पापुद्रा पहिल्यांदा उलगडताना पाहिला तेव्हा मी भारावून गेले. त्याच वेळी हेही समोर होतं की दहापट मोठं दिसणारं हे दृश्य ओढण्याचा जोर सांगत नाही. जास्त ओढलं तर नस शाबूत दिसते आणि तरीही कायमची निकामी होते.

यंत्र आणि हात यांत मोठं काय, याचा एक पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा अभ्यास आला. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे ३२६ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले: अर्ध्यांना उघडी शस्त्रक्रिया, अर्ध्यांना रोबोटिक. बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने आधी १,५०० हून जास्त अशा शस्त्रक्रिया केल्या होत्या, रोबोटवाल्याने सुरुवातीला सुमारे २००. दुसरा अभ्यास २००७ चा, अमेरिकेतला, उघड्या शस्त्रक्रियेचा. ७२ सर्जन, साडेसात हजारांहून जास्त रुग्ण. ज्या सर्जनने आधी फक्त १० शस्त्रक्रिया केल्या होत्या त्याच्या रुग्णात पाच वर्षांत कर्करोग परतण्याची शक्यता १७.९ टक्के, ज्याने २५० केल्या होत्या त्याच्याकडे १०.७ टक्के. या दोन आकड्यांमधला फरक ज्या रुग्णांच्या वाट्याला आला, त्यांना तो कोणी सांगितलेला नसतो. ते आकडे मी माझ्या ओपीडीतल्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहेत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबतही २०१८ साली असाच धडा मिळाला. दुर्बिणीने किंवा रोबोटने गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत साडेचार वर्षांच्या हिशेबात आजार परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त निघालं, आणि जगभरच्या तज्ज्ञांना आपली पद्धत बदलावी लागली. छेद लहान म्हणजे उपचार चांगला, हे दरवेळी खरं नसतं.

आता मी पुण्यात रोबोटवर काम करते आणि सोलापूरची ओपीडीही चालू आहे. परत आल्यावर एका रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने बोलावलं होतं. यंत्र बसवून झालेलं, चौकात फलक लागलेले, आणि माझ्याकडून अपेक्षा होती ती पहिल्याच आठवड्यात सलग शस्त्रक्रिया करण्याची. ओटीतल्या सिस्टर्सना प्रशिक्षण किती, असं विचारलं तर उत्तर आलं, कंपनीचा माणूस उभा असेल. मी ते काम घेतलं नाही. कोट्यवधींचं यंत्र विकत घेता येतं, त्याचा सांभाळखर्चही देता येतो. पण ज्या सिस्टरने तातडीने यंत्र मागे ओढण्याची तालीम केलेली नाही, तिच्यावर एखाद्या रुग्णाचा जीव सोपवणं हा त्या सिस्टरवरही अन्याय आहे.

आता देशातही यंत्रं बनू लागली आहेत. गुरुग्रामला तयार होणारं ‘एसएसआय मंत्र’ अनेक रुग्णालयांत पोहोचलं आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. किंमत उतरेल, जिल्ह्याच्या गावापर्यंत हे तंत्र जाईल. म्हणूनच काळजी वाटते. यंत्र जितकं स्वस्त होईल तितक्या वेगाने ते अपुऱ्या तयारीच्या हातात जाईल. माझ्या विभागात आम्ही एक नियम केला आहे: रेसिडेंट असो की बाहेरून शिकायला आलेला सर्जन, सिम्युलेटरवरची पातळी, कोंबडीवरची शिलाई आणि टेबलाच्या बाजूचं काम, यानंतरच कॉन्सोल. व्हिडिओ मी एकटी तपासत नाही. दुसऱ्या शहरातली एक सहकारी, कोणाचा हात आहे हे माहीत नसताना, तो तपासते. कोंबडी बाजारात मिळते. शिलाईच्या चुकांची यादी एका कागदावर मावते. यातल्या कशालाही परदेशी जावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने हे उद्या सुरू करावं, रोबोट येण्याची वाट न बघता. उघड्या आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनाही हीच पद्धत लागू पडते, आणि तिथला रुग्ण सगळ्यांत गरीब असतो.

आणि तुम्हाला, किंवा तुमच्या घरातल्या कोणाला, रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवली गेली असेल तर संकोच न करता विचारा. माझ्या आजाराला रोबोट कशासाठी, उघड्या किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काय कमी पडेल? तुम्ही हीच शस्त्रक्रिया या यंत्रावर किती वेळा केली आहे? कोणाच्या हाताखाली शिकलात? कॉन्सोलवर तुम्हीच असणार की दुसरं कोणी? मध्येच अडचण आली तर पोट उघडण्याची तयारी आहे का? विम्याचंही विचारून घ्या. २०१९ च्या नियमांनंतर आरोग्य विम्यात रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही, पण कंपनी रकमेवर मर्यादा घालू शकते, आणि ती किती आहे हे भरती होण्याआधी कळायला हवं. हे प्रश्न विचारल्याने चांगला सर्जन दुखावत नाही. मला कोणी हे विचारलं की मी खुर्ची पुढे ओढते आणि सगळं सांगते. तुमचे सर्जन सांगत नसतील, तर दुसरं मत घ्यायला जा.